केडगावचे मुक्ती सदन



मी सातवी शिकलेली बाई, व्याख्यान देणे काही माझे काम नव्हे. पण वाढदिवसानिमित्त जमलेल्या पैशांतून गरजू बायकांना साड्या वाटाव्यात की शिवणयंत्रे घ्यावीत, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे. म्हणून पंडिता रमाबाईंच्या कामाविषयी चार शब्द सांगते. ख्रिस्ती संस्थांच्या शाळा आपल्या संभाजीनगरातही आहेत. पण पुणे जिल्ह्यात केडगावला रमाबाईंनी जे घर उभारले, ते आपल्यासारख्याच एका मराठी बाईचे काम आहे.

रमाबाईंनी भूक स्वतः सोसली होती. १८७४ सालच्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८२ साली पती वारले, पदरात लहान मुलगी राहिली. १८८३ साली विलायतेत त्या ख्रिस्ती झाल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले.

१८९३ साली, तिथे मुलींना ख्रिस्ती करतात, असा गवगवा झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या आईबापांची काळजी मला समजते. लेकीने आपला देव सोडावा, असे कोणाला वाटेल? पण केशवपन केलेल्या पोरीच्या हाती पाटी देणारी घरे तेव्हा किती होती, हेही विचारले पाहिजे. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकलेल्या होत्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० अनाथ मुली व बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेच पुढे मुक्ती सदन झाले. नुसते जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. कोणी मागावर बसली, कोणी शेतात राबली, कोणी छापखान्यात खिळे जुळवू लागली. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकल्या. आणि जिच्याने काहीच होत नव्हते, तिलाही तिथे आसरा होता. १९२२ साली रमाबाई गेल्या, पण केडगावचे काम आजही चालू आहे.

भगिनींनो, थकलेल्या म्हातारीला साडी जरूर द्यावी. पण जिचे हात चालतात, तिच्यासाठी यंत्र घ्यावे. साडी दोन वर्षांत विरते आणि ती बाई पुन्हा आपल्याच दारी येते. शिवण शिकली तर घरबसल्या चार पैसे मिळवील, मुलाची वही घेताना कोणाचे तोंड बघणार नाही. शिकायला येणाऱ्या बायकांची लहान मुले दुपारी आपण पाळीपाळीने सांभाळू. मी मंगळवार घेते.

आणि एक विनंती. वर्गात नाव घालताना जात किंवा धर्म विचारू नये. नाव, पत्ता आणि कोणती वेळ सोयीची, एवढेच लिहून घ्यावे.