अपघात, नशीब आणि रस्त्याची आखणी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला रस्त्यांविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. विषय ऐकून काहींना वाटले असेल, की हे गृहस्थ आता हेल्मेट घाला, डावीकडून चाला असा उपदेश करणार. उपदेश योग्यच आहे. पण पोलीस खाते दर जानेवारीत तो करतेच. माझी सारी नोकरी रस्ते बांधण्यात गेली. तेव्हा चालकाविषयी मी थोडे बोलेन आणि रस्त्याविषयी अधिक.

आपल्या वस्तीत एखादा तरुण मोटारसायकलच्या अपघातात दगावला, म्हणजे आपण त्याच्या घरी बसायला जातो. तेथे बहुधा दोन वाक्ये कानी पडतात. एक, "उसकी इतनीच उम्र थी." दुसरे, जरा हळू आवाजात, "गाडी फार जोरात चालवायचा." पहिले वाक्य आईच्या पाठीवर हात ठेवून बोलायचे असते, त्याबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. दुसरेही पुष्कळदा खरे असते. परंतु तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, की तो पडला ती जागा बांधलेली कशी होती? त्याच जागी मागल्या वर्षी आणखी कोणी पडले होते काय? तीन वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या स्वभावाची तीन मुले एकाच वळणावर पडत असतील, तर त्या वळणाकडे पाहावयास नको का?

थोडे आकडे सांगतो. सन २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. मृतांमध्ये शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते, तर एकोणीस-वीस पायी चालणारे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या शेकडा दोनच्या आसपास आहे. पण मृत्यूंपैकी शेकडा छत्तीस तेथेच झाले. म्हणजे मृत्यू सगळीकडे सारखा पसरलेला नाही, त्याच्या ठरावीक जागा आहेत. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत प्राणहानीचे वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, अथवा १० माणसे मृत्यू पावली, तर त्या टप्प्याला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी आपल्या ट्रकवाल्यांना ते तोंडपाठ आहे.

आता गावातच येऊ. सात रस्ता हे ठिकाण इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. विद्यार्थ्यांनी आज घरी जाऊन एक हिशेब करावा. चार तोंडांचा साधा चौक घ्या. सगळे रस्ते दुहेरी, सर्व बाजूंना वळण्याची मुभा. अशा चौकात दोन गाड्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात अशा जागा १६, एकत्र मिळतात अशा ८ आणि फुटतात अशा ८, मिळून ३२ होतात. तीन तोंडांच्या तिकटीवर त्याच जागा फक्त ९ असतात. नावाप्रमाणे सात तोंडे धरली तर? सातांतून तीन निवडण्याचे प्रकार ३५. त्यांना सातने गुणले की छेदण्याच्या जागा २४५. मिळण्याच्या ३५, फुटण्याच्या ३५. एकूण ३१५! हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात दुभाजक, सिग्नल आणि वळणबंदी यांनी तो पुष्कळ कमी होतो. पण तोंडे चारची सात झाली, म्हणजे धोका पावणेदोन पट न होता जवळजवळ दहा पट होतो, ही गोष्ट आकृती काढल्याखेरीज पटत नाही.

हाच हिशेब उलटाही चालतो, आणि अभियंत्याचे काम तेथे सुरू होते. सातांपैकी दोन वाटा चौकात येऊ न देता थोड्या अलीकडेच शेजारच्या रस्त्याला तिकटीने जोडल्या, तर चौकात पाच तोंडे राहतात. त्यांच्या जागा ८०, दोन तिकटींच्या १८, एकूण ९८. ह्यासाठी उड्डाणपूल लागत नाही; सिमेंटचे ठोकळे, रंग आणि थोडा वाईटपणा घेण्याची तयारी एवढे पुरते. उड्डाणपुलांची चर्चा आपल्या शहरात वर्षानुवर्षे चालली आहे. पूल जेव्हा व्हायचा तेव्हा होवो, पांढरा पट्टा मात्र उद्या सकाळी मारता येतो.

मध्ये गोल वर्तुळ करून सर्वांना एकाच दिशेने फिरवले, तर प्रत्येक तोंडाशी एक मिळण्याची व एक फुटण्याची जागा उरते. सात तोंडांना मिळून चौदा! समोरासमोर छेदणे संपते आणि वेग आपोआप उतरतो. पण वर्तुळाला एक अट आहे. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यावयाचे आणि बाहेरून येणाऱ्याने थांबावयाचे. इंग्लंडमध्ये हा नियम १९६६ साली लागू झाला. आपल्याकडे २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमावलीतही तो आहे. पाळतो कोण? शिवाय वाहने फारच वाढली की वर्तुळ तुंबते आणि सिग्नल बसवावाच लागतो.

चौकाची दृष्टी मोकळी असावी लागते. कोपऱ्यावर येणाऱ्या दोन चालकांना एकमेक वेळेत दिसावेत, म्हणून तेथे त्रिकोणी जागा रिकामी ठेवावी असे शास्त्र सांगते. आपल्या गावात नेमक्या त्या त्रिकोणात वाढदिवसाचे डिजिटल फलक उभे असतात. फलकावरील साहेबांना दीर्घायुष्य चिंतिलेले असते. त्यांच्या मागून येणारी रिक्षा मात्र कोणाला दिसत नाही. यात आपण सारे आलो. ईदच्या शुभेच्छांचे आपल्या मंडळांचे फलकही तेथेच लागतात.

गावाबाहेरची गोष्ट वेगळी आहे. सोलापुरास पुणे-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्ग आणि धुळ्याहून तुळजापूरमार्गे येऊन विजापूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग मिळतात. दोन्ही चौपदरी झाले. प्रवास सुखाचा झाला, यात शंका नाही. केगाव-हत्तूर बाह्यवळणामुळे पुण्याकडून विजापूरकडे जाणाऱ्या जड वाहनांना शहरात शिरण्याची गरज उरली नाही, हेही मोठे काम झाले. पण चौपदरी रस्ता गावाच्या मधून जातो तेव्हा गावाचे दोन तुकडे होतात. घर अलीकडे, शेत पलीकडे, शाळाही पलीकडे. दुभाजकातील खुली जागा एक-दीड किलोमीटर दूर असली, तर मोटारसायकलवाला कशाला वळसा घालील? तो उलट्या बाजूने येतो. आपण त्याला बेशिस्त म्हणतो, आणि तो असतोही. परंतु तीच चूक रोज दोनशे माणसे करू लागली, म्हणजे सेवारस्ता वा भुयारी मार्ग कोठे हवा होता हे त्यांनी आपल्याला दाखवून दिलेले असते. नकाशा आखणाऱ्याने ते वाचावयास हवे.

पायी ओलांडणाऱ्यांचाही हिशेब पाहा. एका बाजूचे दोन पदर मिळून रुंदी ७ मीटर. वयस्क बाई सेकंदाला एक मीटर चालते, म्हणजे तिला ७ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर येते. सात सेकंदांत सुमारे १५५ मीटर. एवढ्या अंतरावरच्या गाडीचा वेग तिने अंदाजाने ओळखावा, तेही संध्याकाळी, अशी आपली अपेक्षा असते. चालकाच्या बाजूने पाहिले, तर ताशी ८० च्या वेगात धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत १२० मीटर लागतात असे भारतीय रस्ते परिषदेचे मानक धरते. ताशी ४० ला ४५ मीटर पुरतात. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग निम्मा झाला की मार चौथ्या हिश्शावर येतो. शाळेपुढे रस्त्याचा पट्टाच उंच करून त्यावरून मुलांना ओलांडू द्यावे, मध्ये उभे राहण्यापुरता सुरक्षित ओटा ठेवावा, ही आखणी ह्याच गणितावर उभी आहे.

आणि गळीत हंगाम! आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. दिवाळीच्या सुमारास दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर महामार्गावर येतात. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, उसाची वाढी लोंबत असतात. मागून येणाऱ्याला ती काळी भिंत शेवटच्या क्षणी दिसते. काही रुपयांची परावर्तक पट्टी हा येथला सर्वांत स्वस्त जीवरक्षक आहे.

ज्यांच्या घरी कोणी मालमोटार चालवितो, त्यांना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा पुण्याचा उतार माहीत असेल. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडायची, मग ब्रेक तापतात आणि खाली ते लागतच नाहीत. नोव्हेंबर २०२२ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथे मोठे अपघात झाले. चालकाची चूक उघड आहे. पण लांब उताराच्या तळाशीच शहराची गर्दी आणून ठेवणे, ही चूक चालकाची नव्हे.

गतिरोधकांविषयी बोललो नाही तर माझे मलाच बरे वाटणार नाही. मोहल्ल्यात अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी जमाव मागणी करतो आणि तिसऱ्या रात्री डांबराचा ढीग ओतला जातो. मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, कमानीसारखा असतो. त्यावरून ताशी २५ च्या वेगाने गाडी सुखाने जाते. आधी सूचनाफलक आणि अंगावर पांढरे पट्टे असावेच लागतात. आपल्याकडे अर्ध्या मीटरात तेवढीच उंची, पट्टा नाही, वर दिवा नाही. रात्री मागे बसलेली बाई तेथेच उडते. जीव वाचवायला केलेली वस्तू जीव घेते, आणि तो आपणच मागून घेतलेला असतो.

काळ्या मातीचेही सांगावयास हवे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा डांबरी थर तिच्याबरोबर हलतो. खाली मुरमाची चांगली भरणी आणि कडेला वाहती गटारे नसली, तर वर कितीही डांबर ओता, दोन पावसांत खड्डा ठरलेला. खड्डा चुकविण्यासाठी दुचाकीवाला मारतो ती हिसकी पुढे अपघाताच्या नोंदीत 'चालकाची चूक' म्हणून लिहिली जाते.

रस्त्यांच्या विचारात आपल्या प्रांताचा वाटा जुना आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली समिती बसली. तिच्या शिफारशींतून रस्ते निधी आणि १९३४ साली भारतीय रस्ते परिषद आली. १९४३ साली नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण असे वर्ग पडले. त्या काळी रस्तेच कमी, म्हणून लांबी मोजली गेली, ते योग्य होते. आजही कोनशिलेवर किलोमीटर आणि कोटी एवढेच कोरतात. ओलांडायची सोय किती ठिकाणी केली, हे कोठे लिहिलेले मी पाहिले नाही.

सुधारणा करता येते, ह्याचा पुरावा जवळच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. मग एकेक अपघाताची जागा तपासण्यात आली. कडेच्या उघड्या कठीण वस्तू झाकल्या, कठडे बसविले, खुणा स्पष्ट केल्या, वेगावर नजर ठेवली. २०२० पर्यंत आकडा निम्म्याहून खाली आला. ते टाळेबंदीचे वर्ष होते हे खरे, पण उतार त्याआधीच लागलेला होता. चालक तेच होते, घाटही तोच. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. मानकाप्रमाणे आखणी, बांधणी वा देखभाल न झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेस वा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाच्या मानाने रक्कम क्षुल्लक आहे. तरी रस्त्याचाही दोष असू शकतो, हे कायद्याने मान्य केले.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगून थांबतो. दहावीनंतर तीन वर्षांची स्थापत्य पदविका घेता येते, आणि तेथून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. आपल्या शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मुलींनी हा विषय उन्हातान्हाचा म्हणून सोडू नये. आखणीचे निम्मे काम टेबलावर होते, आणि उरलेले उन्हात करणाऱ्या स्त्रिया आपण रोज रस्त्याच्या कामावर पाहतोच.

दुसरी गोष्ट ह्याच महिन्यात करावयाची. चौघांनी मिळून शाळेजवळच्या चौकात शाळा सुटण्याच्या वेळी एक तास उभे राहा, पण पदपथावर. किती मुले ओलांडतात, किती गाड्या थांबतात, कोणत्या कोपऱ्यावर पुढचे दिसत नाही, कोठे ब्रेक करकचतात, ते मोजा. आकृती काढा, अडथळ्यावर फुली मारा. मुख्याध्यापकांच्या पत्रासह ती महानगरपालिका आणि वाहतूक शाखेकडे द्या, पोच घ्या, आणि तीन महिन्यांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. नुसत्या तक्रारीला उत्तर देणे साहेबांना सोपे जाते, आकडे लिहिलेल्या कागदाला जरा अवघड जाते. त्यावर तारीख, वार आणि वेळ घालायला विसरू नका.