पिकाचा फोटो काढता, माणसाचा कधी?

(जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



टोमॅटोच्या पानावर करप्याचा ठिपका दिसला की तुम्ही लगेच आम्हाला फोटो पाठवता. "साहेब, काय फवारू?" 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढता. गारपीट झाली की नुकसान दाखवायचे, त्यालाही फोटो. पिकाचे दुखणे दाखवायला आपण शिकलो. पीक लावणाऱ्याचे दुखणे मात्र कोणी दाखवत नाही, कोणी विचारत नाही.

शेतीच्या पदवीत आम्हाला पानावरून रोग ओळखायला शिकवले. माणसाच्या मनाला लागलेला करपा पानावर उमटत नाही. माणूस पारावर यायचा बंद होतो, जेवण टाळतो, रात्र रात्र जागतो. विचारले तर म्हणतो, "बरं चाललंय."

म्हणून आम्ही बैठकीत एक रीत पाडली. प्रत्येकाने महिन्यातला एक फोटो आणायचा आणि त्याच्याबद्दल बोलायचे. एका भावाने बांधावर ओतलेल्या टोमॅटोचा फोटो आणला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या रात्रीपासून झोप नाही." शेजारचा म्हणाला, "मलाही नाही." दोघांचा बांध एक, पण एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. आता बिबट्याच्या भीतीत रात्रीची दारं धरायला दोघे बरोबर जातात. "मला त्रास होतोय" हे शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीत, तो फोटोकडे बोट दाखवून बोलतो.

हे आमच्या डोक्यातले खूळ नाही. 1990 च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या 62 बायकांच्या हाती कॅमेरे दिले. बायकांनी आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले, एकत्र बसून त्यांवर बोलल्या आणि आपले प्रश्न अधिकाऱ्यांपुढे मांडले. तेव्हा मायबहिणींनो, घरातला फोन तुमच्याही हाती आला पाहिजे. खुरपणीने मोडलेली कंबर तुमच्याच नजरेने दिसू द्या.

काही पथ्ये पाळू. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. बैठकीतला फोटो बैठकीबाहेर, व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. कोणाला हसायचे नाही. आणि फोटो हे औषध नव्हे. कर्ज आणि भाव यांची लढाई त्याने संपत नाही. कोणी "आता जगून काय करू" म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक लावा, दवाखान्यात सोबत जा.

30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. साऱ्या देशाने चिखलाचे फोटो पाहिले. पण घरांबरोबर लग्नाचे, बारशाचे फोटोही गाडले गेले. गेलेल्या माणसाच्या एका फोटोचे मोल आंबेगावकरांना आम्ही काय सांगावे?

डोंगर कोसळणे आपल्या हाती नव्हते. शेजारच्या माणसाला वेळेवर विचारणे आपल्या हाती आहे. भिंतीवर हार घातलेला फोटो लागण्याआधी जित्या माणसाचा फोटो बैठकीत आणा. पुढच्या महिन्यात येताना एक फोटो घेऊन या, आणि जो यायचा थांबलाय त्यालाही घेऊन या.