अनुदान आणील तो शास्त्रज्ञ?

शास्त्रज्ञ म्हटलं की डोळ्यांपुढे परीक्षानळी येते. अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधकाचा बराच वेळ मात्र अर्ज लिहिण्यात जातो.

तिथे अनेकांचा पगारही अनुदानातूनच निघतो. एनआयएच या सरकारी संस्थेकडे प्रस्ताव पाठवायचा, तज्ज्ञांच्या समितीने त्याला गुण द्यायचे. मंजुरी मिळाली तर प्रयोगशाळा चालते, शिवाय विद्यापीठालाही वरखर्चाचा वाटा मिळतो. थोडक्यात, अनुदान आणणारा हा घरातला कमावता मुलगा! आणि समिती विचारते, प्राथमिक पुरावा कुठे आहे? पण पुरावा मिळवायलाही पैसाच लागतो की.

याच कोंडीत सापडलेल्या संशोधक कातालिन कारिको १९८५ साली हंगेरीतून अमेरिकेत गेल्या. मेसेंजर आरएनएपासून औषध करायचं, हा त्यांचा ध्यास. पण हा रेणू नाजूक, चटकन मोडणारा. टोचला तर शरीरात दाह होई. अर्ज नाकारले जात राहिले. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. बुद्धी तीच, काम तेच. फक्त अनुदान नव्हतं.

पुढे झेरॉक्सच्या यंत्रापाशी संशोधक ड्र्यू वाइसमन भेटले. त्यांच्याकडे अनुदान होतं. आरएनएतला यूरिडिन हा घटक किंचित बदलला की दाह टळतो, हे दोघांनी २००५ मध्ये दाखवलं. कोविडच्या मेसेंजर आरएनए लशी त्यावरच उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कारिको मात्र दहा वर्षं आधीच जर्मनीतल्या बायोएनटेक कंपनीत रुजू झाल्या होत्या.