हरकतीची मुदत



मराठीतून वैद्यकाचा विचार आणि लेखन करणाऱ्यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत. माझे उभे आयुष्य मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया करण्यात गेले. आणि रोग्याच्या खाटेशी उभा राहून जे शब्द मी चाळीस वर्षे उच्चारीत आलो, त्या शब्दांचा हिशेब आपल्यासारख्या जाणत्या सभेपुढे मांडावा, हा या पदाचा सर्वांत योग्य उपयोग होईल असे मला वाटते. म्हणून आज मी एकच विषय निवडला आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाने शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांतून एकाची निवड कशी करावी, आणि तो ती करीत असताना आपण त्याच्याशी कसे बोलावे, हा तो विषय होय.

मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेला वेढून बसलेली, अक्रोडाएवढी ही ग्रंथी. आपल्या पूर्वाचार्यांनी मूत्राघाताचे प्रकार सांगताना ‘वाताष्ठीला’ वर्णिली आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा गोटा, आणि मराठी परिभाषेने तोच शब्द उचलून या ग्रंथीला अष्ठीला हे नाव दिले. परंतु रोगी तिला प्रोस्टेट म्हणतो, आणि ज्याच्या देहात ती आहे त्याचाच शब्द मी आज वापरणार आहे. आपल्याकडे पुष्कळ रोगी कंबरदुखीने बेजार होऊन, रोग हाडांत उतरल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. त्यांच्या उपचाराचा मार्ग निराळा आहे. ज्याचा रोग अद्याप ग्रंथीच्या आतच आहे, त्याच्यापुढेच हा दोन वाटांचा प्रश्न उभा राहतो.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त मंडल अधिकारी माझ्याकडे आले. वय ६९, रक्तातील पीएसए या प्रोस्टेट-निदर्शकाचा आकडा ११, रोगाची उग्रता सांगणारा ग्लीसन अंक ७, हाडांच्या तपासणीत दोष नाही. तपासण्यांचे सारे कागद त्यांनी तारखेवार लावून, प्रत्येकावर पेन्सिलीने अनुक्रमांक घालून, कापडी दप्तरात बांधून आणले होते. मी ते चाळले, रोग ग्रंथीपुरताच असल्याची खातरजमा केली, आणि सवयीने शस्त्रक्रियेची तारीख पाहण्यासाठी रोजनिशी उघडली. तेव्हा चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारले, “साहेब, फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की हरकतीला पंधरा दिवस मिळतात. माझ्या या नोटिशीला मुदत किती?”

मी रोजनिशी मिटली. मुदत असते, हे मला ठाऊक होते. ग्रंथीत सीमित असलेला हा रोग बहुधा मंदगती असतो, आणि विचाराला व दुसऱ्या तज्ज्ञाच्या भेटीला काही आठवडे घेतल्याने रोग्याचे सहसा काही बिघडत नाही. पण तोपर्यंत शेकडो रोग्यांना ही गोष्ट मी आपण होऊन सांगितली नव्हती. “गाठ काढून टाकू, विषय संपेल” हे माझे ठरलेले वाक्य होते, आणि त्या वाक्यात निर्णय आधीच होऊन जात असे. रोग्याने द्यावयाची ती नुसती सही.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे दोन्ही मार्ग कोणत्या कष्टांनी इथवर आले ते आपण विसरू नये. १९०४ च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी, विल्यम हॉल्स्टेड यांच्या साहाय्याने, कर्करोगग्रस्त प्रोस्टेट समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर पाऊणशे वर्षे या शस्त्रक्रियेची कीर्ती तिने वाचविलेल्या आयुष्यांइतकीच तिने हिरावलेल्या सुखांची होती. कारण पुरुषत्वाशी निगडित मज्जातंतू नेमके कोठून जातात याचाच उलगडा झालेला नव्हता. १९८१ मध्ये पॅट्रिक वॉल्श हे हॉलंडमधील लायडन येथे गेले, आणि तेथील वयोवृद्ध अध्यापक पीटर डोंकर यांच्यासह एका मृतजात अर्भकाच्या देहात त्या तंतूंचा माग काढताना त्यांना दिसले की ते ग्रंथीतून जात नाहीत, तिच्या दोन्ही कडांनी जातात. आणि जे कडेने जाते ते, रोग तेथवर पोचला नसेल तर, राखता येते. पुढच्याच वर्षी त्यांनी ते राखून शस्त्रक्रिया केली. इकडे १८९८ मध्ये रेडियमचा शोध लागल्यावर वीस वर्षांच्या आत पॅरिस व न्यूयॉर्क येथील वैद्य ते द्रव्य या ग्रंथीपर्यंत पोचवू लागले होते, आणि १९५६ मध्ये स्टॅनफर्ड येथे माल्कम बॅगशॉ यांनी त्वरकयंत्राच्या किरणांनी या रोगावर उपचार आरंभिले. पूर्वी सात-आठ आठवडे चालणारा हा उपचार आता पुष्कळदा चार आठवड्यांच्या २० बैठकांत, आणि निवडक रोग्यांत अवघ्या ५ बैठकांतही पुरा होतो.

दोहोंत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न मतांच्या बळावर सुटणारा नव्हता. तो सोडविण्यास दीड हजारांहून अधिक माणसांचे धैर्य लागले. ब्रिटनमध्ये १९९९ पासून दहा वर्षे ज्याची भरती चालली त्या ‘प्रोटेक्ट’ नावाच्या प्रयोगात १,६४३ पुरुषांनी आपल्या उपचाराचा निर्णय चिठ्ठीवर सोपविला. कोणाच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली, कोणाच्या किरण, आणि कोणाच्या केवळ नियमित देखरेख. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा या रोगाने दगावलेले सर्व मिळून ४५ होते: शेकडा २.७. शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण २.२, किरणांच्या गटात २.९, देखरेखीच्या गटात ३.१, आणि हे अंतर निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतके अल्प. रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ व इतर दोहोंत ५ च्या आसपास होते. त्या प्रयोगातील बहुतेकांचा रोग सौम्य किंवा मध्यम होता. तेव्हा उग्र रोगास हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण तेथे किरणांच्या जोडीला दीड ते तीन वर्षे संप्रेरकरोधक इंजेक्शने घ्यावी लागतात, आणि शस्त्रक्रियेनंतरही किरणांची गरज पडण्याचा संभव बराच असतो.

आयुर्मानाच्या तराजूत दोन्ही पारडी जवळजवळ समान ठरल्यावर, उरतो तो हानीचा विचार. आणि हा विचार त्या माणसावाचून दुसऱ्या कोणास करता येत नाही. शस्त्रक्रियेत ग्रंथी निघते, मूत्राशय व मूत्रनलिका एकमेकांस शिवली जातात, आठवडा-दोन आठवडे नळी राहते. आणि लघवीवरचा ताबा परत मिळविण्यास अनेकांना महिनोन्‌महिने लागतात. त्याच प्रयोगात सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ४६ जणांना पॅड बांधावे लागत होते, किरण घेतलेल्यांपैकी ५ जणांना. सहा वर्षांनी हेच आकडे १७ व ४ होते. पतिपत्नीसंबंधांची हानी दोन्हीकडे होती, पण शस्त्रक्रियेनंतर अधिक. किरणांच्या बाजूला गुदमार्गाचा त्रास: वारंवार शौचाला जावे लागणे, क्वचित रक्त पडणे, आणि तेही कधी कधी उपचारानंतर वर्षा-दोन वर्षांनी. शस्त्रक्रियेनंतर पीएसए काही आठवड्यांत जवळजवळ शून्यावर यावा लागतो, आणि काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली जाऊन रोगाची पुरी कैफियत हाती येते. किरणांनंतर तो आकडा दीड-दोन वर्षे हळूहळू उतरत राहतो आणि तेवढा काळ मनाला धीर धरावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटला तर किरणांची तजवीज करता येते. किरणांनंतर उलटला तर शस्त्रक्रिया फार बिकट होते. या प्रत्येक वाक्यात एका माणसाला दिलासा आहे आणि दुसऱ्याला भीती. ती कोणाला कोणती, हे आपण बाहेरून ठरवू शकत नाही.

आणि येथेच, माझ्या मते, या संमेलनाचे कार्य सुरू होते. त्या ब्रिटिश प्रयोगाच्या आरंभी चिठ्ठीस मान्यता देणारे निम्म्याहून कमी निघत होते. तेव्हा जेनी डोनोव्हन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्य-रोगी संभाषणे ध्वनिमुद्रित करून बारकाईने ऐकली. त्यांना आढळले की वैद्य ज्याला ‘दक्ष प्रतीक्षा’ म्हणत होते, ते ऐकणाऱ्याला ‘तू मरेपर्यंत आम्ही पाहत बसू’ असे ऐकू येत होते. आणि ‘बहुतेक जण दहा वर्षांनीही हयात असतात’ या आश्वासनातून रोग्याने आपल्या मरणाची तारीख काढली होती. शब्द बदलले, प्रतीक्षेच्या जागी देखरेख आली, तिन्ही मार्ग सारख्याच विस्ताराने सांगण्याचा दंडक घातला गेला. आणि संमती देणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४० वरून ७० वर गेले. रोग तोच होता आणि उपचारही तेच.

आता आपल्या दवाखान्यांत काय ऐकू येते ते आठवा. किरणोपचाराला आपल्याकडे कोणी ‘लाइट’ म्हणतो, कोणी ‘शेक’. ‘शेक’ म्हटले की म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर गरम पाण्याची पिशवी येते, आणि हा हलका, वेळकाढू उपाय आहे असा त्याचा ग्रह होतो. उलट वर्तमानपत्री ‘किरणोत्सर्ग’ म्हटले की त्याच माणसाला हिरोशिमा आठवते. शस्त्रक्रियेचे नाव काढताच ‘लोखंड लागले की रोग पसरतो’ म्हणणारा कोणी तरी नातेवाईक दाराशी उभाच असतो, आणि त्याला उत्तर म्हणून आपण ‘मुळासकट काढू’ म्हणतो, तेव्हा आपणही अभय देतो ते आपल्या अधिकाराबाहेरचे. आणि देखरेखीचे काय? ‘तूर्त काही करायचे नाही’ या वाक्याचा अर्थ मराठी घरात एकच होतो: डॉक्टरांनी हात टेकले, आता घरी न्या आणि सेवा करा. सौम्य रोगाच्या माणसाला जो मार्ग सर्वांत हितकर असू शकतो, तो आपल्या भाषेत मृत्यूच्या हुकमासारखा वाजतो. आणि ज्याला तो वाजला, तो दुसऱ्या दिवशी कोठे तरी चाकूखाली जाऊन पडतो.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मूत्रविकार शल्यचिकित्सकांपैकी शेकडा ९३ जणांनी शस्त्रक्रियेस पसंती दिली होती, तर किरणतज्ज्ञांपैकी ७२ जणांनी किरणोपचार तिच्या तोडीचा ठरविला होता. हे अप्रामाणिक माणसांचे आकडे नव्हेत. ज्याने ज्या हत्याराने माणसे वाचविली, त्याचे त्या हत्यारावर प्रेम बसते, माझेही बसले. परंतु म्हणूनच एकाच पक्षाची कैफियत ऐकून निकाल लागू नये. माझी आपणांस पहिली विनंती ही, की शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी प्रत्येक रोग्याने किरणतज्ज्ञास, आणि किरणांची तारीख ठरण्यापूर्वी शल्यचिकित्सकास भेटावे, असा शिरस्ता आपण आपापल्या दवाखान्यांत पाडावा. दुसरी ही, की या संमेलनाने शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख या तिन्हींची माहिती सारख्याच लांबीच्या, सारख्याच सुबोध मराठीत लिहून काढावी, आणि तिचा मसुदा छापण्यापूर्वी या रोगातून गेलेल्या माणसांना व त्यांच्या पत्नींना वाचून दाखवावा. जेथे त्यांचा चेहरा बदलेल तेथे आपण थांबावे आणि शब्द बदलावा. तिसरी ही, की आपण अंतरे मोजावीत. गडचिरोलीच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला वीस बैठकांसाठी मुंबईत राहावयाचे तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल की नाही, हाही वैद्यकीय प्रश्नच आहे.

ते मंडल अधिकारी पंधराव्या दिवशी परत आले. दरम्यान त्यांनी किरणतज्ज्ञाची भेट घेतली होती आणि एका वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन्ही बाजू लिहून काढल्या होत्या. नळी, पॅड, शौचाचा त्रास, इंजेक्शने, खर्च, सारे काही त्यात होते. त्या पानाच्या तळाशी एक ओळ निराळ्या शाईत होती: ‘दीड महिना वजन उचलणे बंद.’ मी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, तेव्हा कळले की त्यांच्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला होता. रोज सकाळी तिला पलंगावरून उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसविणे हे त्यांचे काम, आणि ते काम त्यांना दुसऱ्या कोणाकडे द्यावयाचे नव्हते. “तिला खुर्चीत बसवून सकाळच्या एस्टीने जाईन, लाइट घेऊन दुपारी परतेन,” ते म्हणाले. तसेच त्यांनी केले.

माझ्या छापील तपासणीपत्रकात त्यांच्या उंचीला, वजनाला, रक्तदाबाला, ग्रंथीच्या आकारमानाला स्वतंत्र रकाने होते. पलंगापासून खिडकीपर्यंतच्या त्या चार पावलांना रकाना नव्हता. त्या दिवसापासून मी तो प्रत्येक पत्रकावर हाताने आखतो आणि रोग्याला विचारून भरतो. आपणही तो आखावा, आणि तो भरायला रोग्याला त्याची मुदत द्यावी, एवढीच प्रार्थना.