डोंगग्वान : लेकींच्या हातांनी उभे राहिलेले शहर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने परक्या मुलखातल्या एखाद्या गावाची माहिती सांगावी, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ती कामगिरी माझ्याकडे आली. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. चीन देश मी नकाशातच पाहिला. तरी गाव निवडायला मला वेळ लागला नाही. मुलांची खेळणी, पायांतले बूट, थंडीचे स्वेटर, खांद्याला लावायच्या पर्सा, हातातले फोन, या सगळ्यांचे एक मोठे माहेर दक्षिण चीनमध्ये आहे. त्या शहराचे नाव डोंगग्वान. वाचनालयातून जे मिळाले ते मी वाचले. एक इंग्रजी पुस्तक मात्र माझ्या लेकीने मला मराठीत समजावून सांगितले. मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याशी उभी राहून सांगत होती. चार दिवस आमच्या घरी हाच विषय चालला होता.

आधी हे शहर आहे कुठे ते पाहू. चीनच्या दक्षिणेला ग्वांगदोंग नावाचा प्रांत आहे. तिथे पर्ल नदी, म्हणजे मोत्यांची नदी, समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी वरच्या अंगाला ग्वांगझू हे जुने शहर. आपले वाडवडील त्याला कँटन म्हणत. खालच्या अंगाला शेंझेन आणि त्याला लागून हाँगकाँग. या दोन टोकांच्या मधे डोंगग्वान पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,४६० चौरस किलोमीटर आहे. एक गाव असे ते नाहीच. ३२ लहानमोठ्या नगरांची मिळून ही एक मोट बांधलेली आहे. १९७८ साली इथे सुमारे ११ लाख लोक होते. २०२० च्या जनगणनेत ते १ कोटी ४ लाखांवर गेले. त्यांतले तीन-चतुर्थांशाच्या आसपास लोक बाहेरगावाहून पोटासाठी आलेले.

नावाचा अर्थ मला फार आवडला. ‘ग्वान’ म्हणजे खाडीकाठच्या खारवट पाण्यात उगवणारे एक गवत. त्याच्या चटया विणतात, दोर वळतात. असे गवत होणारा पूर्वेकडचा मुलूख म्हणजे डोंगग्वान, असा नावाचा उलगडा सांगतात. म्हणजे कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून या मुलखाची ओळख हाताच्या कामाने होती. इथली लिचीची फळे नामांकित आहेत. अगरूचे सुवासिक लाकूडही इथले प्रसिद्ध. त्याच्या एका उंची जातीला ‘लेकींचा सुगंध’ म्हणतात. त्यामागची कथा अशी : अगरूचे तुकडे साफ करण्याचे काम घरच्या मुलींकडे असे. त्या चांगल्यातले चांगले चार तुकडे गुपचूप बाजूला ठेवीत आणि फेरीवाला आला की त्याला देऊन तोंडाला लावायची लाली-पावडर घेत. भगिनींनो, ही कथा ऐकून तुम्ही हसलात, कारण डाळीच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या आपणच! कष्ट जिचे, तिच्या हाती दोन पैसे राहावेत, ही इच्छा सगळीकडे सारखीच. पुढे मी जे सांगणार आहे त्याचे मूळही याच इच्छेत आहे.

या शहराचा आपल्या मुंबईशी एक जुना संबंध आहे. तो अभिमानाचा नाही, पण माहीत असावा असा आहे. डोंगग्वानमधल्या हूमेन या नगराशी नदीचे मुख अरुंद होते. १८३९ साली लिन झेशू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २० हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या. जूनच्या ३ तारखेपासून सुमारे तीन आठवडे ती अफू हूमेनच्या किनाऱ्यावर खणलेल्या मोठ्या हौदांत टाकली जात होती. मीठ आणि चुना घालून तिचा नाश करायचा आणि ओहोटीबरोबर ते पाणी समुद्रात सोडायचे, असा क्रम होता. ही अफू आली कुठून? आपल्याच देशातून. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून. मुंबईच्या अनेक धनिकांची संपत्ती या व्यापारात वाढली. ती अफू नष्ट केल्याचे निमित्त होऊन इंग्रजांनी चीनशी युद्ध केले आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग घेतले. ते चीनला परत मिळाले १९९७ साली. तिकडच्या घरांतले कर्ते पुरुष ज्या व्यसनाने बसले, त्याच्या पेट्या आपल्या बंदरावर भरल्या जात होत्या, हे विसरू नये.

आता कारखान्यांची गोष्ट. ती सुरू झाली त्याच हूमेनमध्ये, एका पर्सपासून. १९७८ साली हाँगकाँगचा एक व्यापारी तिथे आला. हाँगकाँगमध्ये मजुरी महाग झाली होती. त्याने एक नमुन्याची पर्स दाखवली आणि कामगारांनी रातोरात हुबेहूब तशीच शिवून दिली, असे सांगतात. त्यातून तायपिंग हँडबॅग कारखाना उभा राहिला. त्याचा परवाना क्रमांक होता ००१. व्यवहार सरळ होता : कापड, नमुना आणि यंत्रे हाँगकाँगहून यायची, जागा आणि हात डोंगग्वानचे, तयार माल परत हाँगकाँगला. शिवणाचे काम घरी घेणाऱ्या भगिनींना हे लगेच कळेल. कापड गिऱ्हाइकाचे, मजुरी आपली! फरक इतकाच, की इथे सबंध एका मुलखाने शिवणाचे काम घेतले.

बघता बघता भातशेती गेली आणि इमारती आल्या. १९८८ साली डोंगग्वानला मोठ्या शहराचा दर्जा मिळाला. एकेका नगराने एकेक धंदा उचलला. हूमेनने कपडे, दालांगने लोकरीचे स्वेटर, हौजिएने बूट आणि लाकडी सामान, चांगआनने विजेची उपकरणे. आपल्याकडे ओप्पो आणि विवो हे फोन घरोघर आहेत. त्या दोन्ही कंपन्यांचे मूळ घर हे चांगआन. (आपल्याकडे विकले जाणारे त्यांचे बहुतेक फोन आता भारतातच जोडतात, हेही सांगते.) २०२१ साली या एका शहराचे वर्षाचे उत्पन्न १ लाख कोटी युआनच्या पुढे गेले.

पण हे सारे उभे केले कोणी? भगिनींनो, मुलींनी. सोळा, सतरा, अठरा वर्षांच्या, खेड्यांतून आलेल्या मुलींनी. हूनान, सिचुआन, हनान अशा दूरदूरच्या प्रांतांतून त्या रेल्वेने आणि बसने येत. मुलींची बोटे चपळ, मुली उलट बोलत नाहीत, असे म्हणून कारखानदार त्यांनाच पसंत करीत. लेकीने मला सांगितलेले पुस्तक याच मुलींवर आहे. लेस्ली चँग या अमेरिकेतल्या बातमीदार बाईंनी डोंगग्वानच्या कामकरी मुलींबरोबर वावरून ते लिहिले आणि ते २००८ साली निघाले. एका खोलीत दहा-बारा जणी, एकावर एक खाटा, रोजचे दहा-बारा तास काम. पहिल्या एक-दोन महिन्यांचा पगार पुष्कळ कारखाने अडकवून ठेवीत, म्हणजे मुलगी मधेच सोडून जायला नको. फोन चोरीला गेला की त्यातले नंबर गेले आणि नंबर गेले की मैत्रीणही गेली. इतक्या मोठ्या गर्दीत तिला शोधायचे कुठे?

हे ऐकून मी म्हटले, बिचाऱ्या पोरी! तेव्हा लेक म्हणाली, “आई, पुढचे ऐक.” पुढचे असे, की या मुली कोणी ढकलून आणलेल्या नव्हत्या. पुष्कळशा स्वतःच्या हिमतीने निघाल्या होत्या. शेतावर राबून हाती काहीच येत नव्हते. इथे दमून आल्यावरही त्या रात्रीच्या वर्गांना जात, संगणक शिकत, इंग्रजी शिकत, एक नोकरी सोडून दुसरी धरत. घरी पैसे पाठवीत. त्या पैशांत धाकट्या भावंडांच्या शाळेची फी जाई, घराची डागडुजी होई. आणि मग सणाला घरी गेल्यावर त्यांच्या शब्दाला वजन येई. बाप विचारून निर्णय घेई. लग्न कधी आणि कोणाशी, यातही त्या बोलू लागल्या.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. झेंग श्याओछ्योंग नावाची एक मुलगी सिचुआनमधून २००१ साली डोंगग्वानला आली. ती कारखान्यात काम करता करता कविता लिहू लागली. २००७ साली तिला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा यंत्रांत सापडून तुटलेल्या कामगारांच्या बोटांविषयी ती बोलली. पुढे तिने कामकरी बायकांवर कवितांचे एक पुस्तकच लिहिले. ज्या बोटांच्या चपळाईसाठी मुलींना कामावर घेत, ती बोटेच कित्येकांनी गमावली. मला तर हे ऐकून घास गिळवेना.

दुसरे दुःख मुलांचे. चीनमध्ये प्रत्येकाची नोंद त्याच्या मूळ गावी असते. आपल्या रेशनकार्डासारखीच ती समजा, पण त्याहून पुष्कळ बळकट. शाळा, दवाखाना, सरकारी सवलती या नोंदीवर अवलंबून. त्यामुळे वर्षानुवर्षे शहरात राबणाऱ्या आईला आपले मूल तिथल्या सरकारी शाळेत घालणे कठीण जाई. मग मूल गावी आजीआजोबांपाशी आणि आई दीड हजार किलोमीटरवर. भेट वर्षातून एकदा, चांद्र नववर्षाच्या सणाला. त्या दिवसांत कारखाने बंद होतात आणि डोंगग्वान जणू रिकामे होते. हल्ली गुण मोजून काही मुलांना शहरातल्या शाळेत जागा देतात, पण सगळ्यांना ती मिळत नाही.

तिसरे, कामाची शाश्वती. २००८ साली जगाच्या बाजारात मंदी आली, परदेशी मागणी आटली आणि डोंगग्वानमधले कित्येक कारखाने बंद पडले. खेळण्यांच्या एका मोठ्या कारखान्याच्या दारात हजारो कामगार थकलेल्या पगारासाठी उभे राहिले. त्याच वर्षी १ जानेवारीपासून लेखी करार सक्तीचा करणारा नवा कायदा लागू झाला होता. तरीही २०१४ च्या एप्रिलमध्ये बुटांच्या एका अवाढव्य कारखान्यात हजारो कामगारांनी काम थांबवले, कारण त्यांच्या म्हातारपणाच्या विम्यात मालकाने भरायची रक्कम पुरी भरलेली नव्हती. त्यांत चाळिशीच्या बायका पुष्कळ होत्या. तरुणपणी पगार किती ते पाहिले, चाळिशीत मागे काय उरले ते पाहिले! आपल्या वयाच्या बायकांना याचे मर्म वेगळे सांगायला नको.

आजचे डोंगग्वान बदलले आहे. मजुरी वाढली, म्हणून बुटा-कपड्यांचे पुष्कळसे काम व्हिएतनामसारख्या देशांत गेले. उरलेल्या कारखान्यांत यंत्रमानव आले. सोंगशान सरोवराकाठी ह्वावे कंपनीने युरोपातल्या जुन्या शहरांसारख्या इमारती बांधून आपले मोठे संशोधनाचे ठाणे वसवले. आता तिथे शिकलेली माणसे हवी आहेत. ज्या मुली रात्रीच्या वर्गांना गेल्या, त्यांना काही वाट मिळाली असेल. ज्यांना जाता आले नाही, त्यांचे हात रिकामे झाले.

भगिनींनो, आता थोडे आपल्या दाराशी. आपल्या आळीत गेल्या काही वर्षांत बाहेरगावच्या मुली खोल्या घेऊन राहू लागल्या आहेत. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात कामाला जातात. त्या उशिरा येतात, मोठ्याने हसतात, नळावर वेळी-अवेळी कपडे धुतात, अशा तक्रारी आपल्या बैठकीत येतात. त्यांना खोल्या देऊ नयेत, असा ठरावही पुढच्या बैठकीपुढे आहे. मी त्या ठरावाच्या विरुद्ध मत देणार आहे. का, ते मी आत्ता सांगितलेच. दूर आलेल्या मुलीला पगाराइतकीच गरज असते ओळखीच्या एका दाराची. फोन हरवला तर जिथून आईला फोन करता येईल असे एक घर, बोटाला लागले तर दवाखान्यात बरोबर येईल अशी एक बाई.

आणि आपल्याही लेकी उद्या बाहेर जातील. त्यांना अडवू नका, पण चार गोष्टी विचारल्याशिवाय पाठवू नका : कामाचे पत्र लेखी आहे का? पगार दरमहा हाती पडतो का? म्हातारपणाचा फंड कापला जातो, तो खरोखर भरला जातो का? संध्याकाळी काही शिकायची सोय आहे का? या चार प्रश्नांना सातवीचे शिक्षण पुरते.

माझी सूचना अशी, की आपली वाचनखोली दर रविवारी दुपारी या मुलींसाठी उघडी ठेवावी. किल्ली मी सांभाळीन, चहाचेही मी पाहीन. शिवण, हिशेब, इंग्रजी, ज्या भगिनीला जे येते ते तिने शिकवावे.