पाव सेकंदाचा फटका



खारघरला पांडवकड्याच्या डोंगराखाली सिडकोचं गोल्फ मैदान आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातलं; पण आपल्यापैकी तिथे जाऊन खेळलेले थोडेच असतील. आज मी बोलणार आहे ते या खेळातल्या एकाच हालचालीबद्दल, स्विंगबद्दल, म्हणजे फटक्यासाठी काठी फिरवण्याबद्दल. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत पुळणीवर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांच्याही ते कामाचं आहे, म्हणून हा विषय मुद्दाम निवडला.

गोल्फचा चेंडू जागचा हलत नाही. समोरून कुणी तो टाकत नाही, खेळाडूला हवा तेवढा वेळ असतो. तरीही फटका चुकतो, आणि का चुकला ते सांगता येत नाही. याचं कारण वेळेत आहे. क्लब, म्हणजे ती काठी, मागे उचलायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि तिथून चेंडूपर्यंत खाली यायला फक्त पाव सेकंद. क्लब चेंडूला टेकलेला असतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. पट्टीच्या खेळाडूच्या ड्रायव्हर नावाच्या लांब क्लबचं टोक त्या वेळी ताशी सुमारे १८० किलोमीटरने धावत असतं. एवढ्यात काय बिघडलं ते खेळणाऱ्याला उमगत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकालाही नीट दिसत नाही. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात झपाझप लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात फोटो काढले, तेव्हा कुठे एका फटक्याच्या अनेक अवस्था एकाच चित्रात लोकांना पाहायला मिळाल्या.

आज ते काम नखाएवढी चिप करते. हातमोज्यावर, क्लबच्या मुठीवर किंवा कमरेच्या पट्ट्यावर ती बसवतात. तिच्यात दोन मुख्य सेन्सर असतात. पहिला ॲक्सेलरोमीटर. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसाच या चिपमधला अतिसूक्ष्म भार वेग बदलला की जागचा किंचित हलतो, आणि किती हलला ते विजेच्या मापाने कळतं. दुसरा जायरोस्कोप. त्यातला बारीकसा भाग सतत थरथरत असतो. चिप वळली की ती थरथर बाजूला कलते, त्यावरून वळण्याचा वेग निघतो.

यातून मिळालेलं सर्वांत मोलाचं ज्ञान, माझ्या मते, ताकदीचं नाही, क्रमाचं आहे. चांगल्या खेळाडूचा क्लब खाली येताना आधी कंबर सर्वाधिक वेगाने फिरते, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब. कंबर सेकंदाला साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत, छाती सातशेच्या आसपास आणि क्लब दोन हजारांच्याही वर. कंबर आपला वेग गाठून आवरती झाली की तो जोर वर छातीकडे जातो, तिथून हाताकडे. नवशिक्याचे हात आधीच सुटतात; सगळी मेहनत खांद्यावर येते आणि चेंडू भलतीकडे जातो. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या पुण्याच्या उदयन मानेचा फटका पाहताना सहजसुंदर वाटतो, त्यामागे हा क्रम असतो.

मात्र सेन्सर भाबडेपणाने वापरू नये. ॲक्सेलरोमीटरच्या मोजणीत सेकंदाच्या वर्गाला मीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक असली, तर त्यावरून काढलेली जागा एका सेकंदात ५ सेंटिमीटरने चुकते आणि १० सेकंदांत ५ मीटरने! स्विंग सेकंदा-सव्वा सेकंदात संपतो म्हणूनच हे यंत्र निभावून नेतं. त्यातही फटक्याआधी खेळाडू क्षणभर स्तब्ध उभा राहतो, तेव्हा चिप गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने खाली-वर कुठे ते पक्कं करून घेते.

दिशा पक्की करण्यासाठी काही चिपांत तिसरा सेन्सर असतो, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारा. आणि इथे आपल्या अलिबागचा संबंध येतो. क्लबची दांडी पोलादी असली की हा सेन्सर बहकतो. अशीच अडचण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपुढे होती. तिथे एकोणिसाव्या शतकापासून चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या, आणि मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या. त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार हे ओळखून संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ साली इथली वेधशाळा उभी राहिली. बांधकामाला चुंबकत्व नसलेला, तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड आणला, लोखंड कटाक्षाने टाळलं. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. मोजण्याआधी मोजणीला काय बाधेल याचा एवढा विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. गोल्फच्या चिपा बनवणाऱ्यांनाही पोलादाजवळ चुंबकाच्या सेन्सरवर विसंबून चालत नाही.

आता आपल्या पोरांकडे येतो. टेनिस क्रिकेटमध्ये चेंडू हलका, त्याला वेग द्यायचा तर सगळा शरीरातून काढावा लागतो, आणि नाईट टूर्नामेंट असली की एकाच मुलाला लागोपाठ सामने पडतात. गोलंदाजीतही क्रम तोच आहे: कंबर, छाती, हात. ‘फेकतोय, फेकतोय’ म्हणून होणारी भांडणंही मोजून मिटू शकतात. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ नये, ही आयसीसीची मर्यादा २००५ पासून आहे. पण त्यासाठी दंडावर आणि कोपराखाली वेगवेगळे सेन्सर लागतात आणि जाणकार माणूस लागतो. ते घरगुती काम नव्हे.

कंबर मात्र आजच मोजता येईल. जायरोस्कोप असलेला मोबाइल पुष्कळांकडे आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं ॲप फुकट मिळतं. फोन कमरेला मागच्या बाजूला रुंद पट्ट्याने घट्ट बांधावा, हलता कामा नये. ॲपमध्ये जायरोस्कोप सुरू करून मुलाला रनअपसह चेंडू टाकू द्यावा. आलेखात उंच टोक दिसतं, तो कमरेचा सर्वाधिक वेग. आकडा सेकंदाला किती रेडियन असा असतो. १ रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश. दुसऱ्या फोनवर स्लो मोशनमध्ये तोच चेंडू टिपावा. खेळाच्या शिक्षकांनी पहिल्या ओव्हरचा आणि शेवटच्या ओव्हरचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहावा. चेंडू तेवढाच जोरात जातोय आणि कमरेचा आकडा मात्र बराच उतरलाय, असं दिसलं तर ती कसर खांदा भरून काढत असण्याची शक्यता आहे. अशा मुलाला त्या दिवशी पुढची ओव्हर देऊ नये, टूर्नामेंटची फायनल असली तरी.