प्लास्टरांतला हात आणि मुलाचें मन

अडतीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं. पेरूचें झाड, ओट्याचा कठडा, नागपंचमीचा झोंका, यांपायीं मोडलेले हात त्या काळांत पुष्कळ पाहिले. पडतांना मूल आपसूक हात पुढें टेकतें आणि सारा भार मनगटावर नाहीं तर कोंपरावर येतो. म्हणून बालवयांत हाताचें हाड फार वेळां मोडतें. परंतु इतक्या वर्षांच्या अनुभवानें जें शिकविलें नाहीं, तें माझ्या सहा वर्षांच्या नातवानें एका श्रावणांत मला शिकविलें. तें आज आपणांस सांगतों.

झोंक्यावरून पडून त्याच्या उजव्या हाताचीं मनगटावरचीं दोन्ही हाडें मोडलीं. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं हाडवैद्याकडून तेल चोळून, कांबी बांधून घेण्याचा सल्ला दिला. तो आम्हीं मानला नाहीं हें बरें झालें. चोळण्यानें सूज वाढते, हाडें आणखी सरकतात, आणि करकचून बांधलेल्या कांबींनीं रक्त अडून हात गमावल्याचीं उदाहरणें आहेत. रुग्णालयांत हाडें बसवून कोंपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलें.

घरीं आल्यावर पोर रडूं लागलें. मीं माझ्या जुन्या मास्तरी आवाजांत म्हटलें, "अरे, शूर मुलें कधीं रडतात का?" तो तत्काळ गप्प झाला. आलेल्यागेलेल्यांपाशीं मीं त्याच्या धीराची वाखाणणीही केली. रात्रीं सूनबाई पांघरूण सारखें करावयास गेल्या आणि घाबऱ्या आवाजांत म्हणाल्या, "मामंजी, याचीं बोटें गार लागताहेत." दिवा लावून पाहिलें, तों बोटें सुजून काळीनिळीं झालेलीं आणि पोर ओठ मिटून टक्क जागें! मीं विचारलें, "दुखतें का रे?" तो म्हणाला, "आजोबा, केव्हांपासून मुंग्या येताहेत. पण मी रडलों नाहीं."

श्रोतेहो, त्या उत्तरानें मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाहीं. तसेच आम्ही रुग्णालयांत गेलों. डॉक्टरांनीं प्लास्टर उभें चिरून सैल केलें, आणि कांहीं वेळानें बोटांत रंग आला. सकाळपर्यंत थांबलों असतों, तर तो हात कायमचा अधू होण्याचें भय होतें. रक्त अडून वाळलेल्या व आंखडलेल्या अशा हाताचें वर्णन जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनीं १८८१ सालींच करून ठेवलें आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, मुलाला रडूं द्यावें, आणि त्याला सांगून ठेवावें : "दुखलें, मुंग्या आल्या, तर लगेच सांग; सांगणें हेंच शहाणपण." पहिले दोनतीन दिवस हात उशीवर उंच ठेवावा, बोटें हालवावयास लावावीं, आणि दिवसांतून अनेक वेळां, रात्रींही, बोटें पाहावीं. तीं गार, पांढरीं वा निळीं पडलीं, बधिर झालीं, किंवा बोट सरळ करतांना कळ आली व दुखणें वाढतच गेलें, तर उजाडण्याची वाट पाहूं नये.

दुसरी गोष्ट मनाची. एके दिवशीं नातवानें हळूच विचारलें, "मी उभ्यानें झोंका घेतला, म्हणून देवानें हात मोडला का?" लहान मुलें दुखण्याला शिक्षा समजतात. त्यांना स्पष्ट सांगावें कीं ही शिक्षा नव्हे, आणि मोडलेलें हाड आंतून पुन्हां सांधत असतें. मुलांचीं हाडें लवकर जुळतात; बहुधा चार ते सहा आठवडे पुरतात. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक दिवस खोडीत असूं. त्यायोगें त्या अवधीला शेवट आहे हें त्याला डोळ्यांनीं दिसलें.

आतां कांहीं व्यावहारिक गोष्टी. सदरा घालतांना दुखरा हात आधीं बाहींत घालावा, काढतांना शेवटीं काढावा. प्लास्टर पाण्यानें मऊ पडतें. म्हणून अंग पुसून काढणें उत्तम. आंत खाज सुटली तरी काडी किंवा पट्टी घालूं देऊं नये. जखम होऊन ती आंतल्या आंत चिघळते. अशा वेळीं गोष्ट सांगावी, पंख्यानें वारा घालावा.

लिहिण्याचा हात अडकल्यामुळें नातू डाव्या हातानें चित्रें काढूं लागला. डाव्या हातांत पेन्सिल धरणाऱ्या मुलांच्या बोटांवर मीं एके काळीं पट्टी मारलेली आहे. आतां त्याच हातानें काढलेला वांकडातिकडा हत्ती मीं भिंतीवर लावला.

प्लास्टर कापण्याच्या यंत्राच्या आवाजानें मुलें फार भितात. त्याचें पातें गरगर फिरत नाहीं, जागच्या जागीं थरथरतें, हें आधींच समजावून सांगावें. आंतून निघालेला हात रोड, कोरडा व ताठर दिसतो. तेव्हांही चोळूं नये. खेळतां खेळतां तो बहुधा आपोआप मोकळा होतो. उड्या मारणें व झाडावर चढणें मात्र डॉक्टरांच्या अनुज्ञेनेंच.

आज नातवाचा हात पूर्ववत् झाला आहे. परवां अंगणांत ठेंच लागली, तेव्हां तो मोठ्यानें रडत माझ्याकडे आला. तें रडणें ऐकून मला किती समाधान वाटलें, तें आपण जाणालच.